आरंभीची शिल्लक

डिसेंबरमधली ती सकाळ नागपूरच्या मानानेही गारठलेली होती. वर्ध्याला एका पतसंस्थेचे लेखापरीक्षण सुरू करायचे होते, म्हणून खामल्याहून सात वाजताच निघाले. विमानतळ मागे पडला आणि जामठ्याच्या क्रिकेट मैदानाच्या अलीकडे स्पीडोमीटरशेजारी एक पिवळा दिवा लागला. वरून उघडी, खालून दातेरी आकृती आणि मधोमध उद्गारचिन्ह. मला ते तडकलेल्या मडक्यासारखे दिसले. गाडी कडेला घेतली, तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घातली, चारही चाके सारखीच दिसली, आणि अशा वेळी माझ्या वयाची माणसे जे करतात तेच मी केले. भाच्याला फोन लावला.

“मावशी, टायर प्रेशरचा दिवा आहे तो. थंडी पडली की येतोच. तू सेटिंगमध्ये जा, तिथं टायर प्रेशर रिसेट असं असेल, ते दाबून धर. जातो.”

दाबून धरले. गेला.

दहा-बारा दिवसांनी तो पुन्हा लागला तेव्हा मी भाच्याला त्रास दिला नाही. आता मला इलाज माहीत होता. सिग्नलला उभी असताना, हिरवा होण्याच्या आत, मी तो दिवा घालवला आणि एखाद्या यंत्रावर आपली हुकमत चालते याचे थोडे समाधानही मानले. त्यानंतर चारच दिवसांनी वर्ध्याहून परतताना केळझरजवळ चहाला थांबले. टपरीवाल्याने चहा गाळता गाळता, किटलीच्या तोंडानेच दिशा दाखवत सांगितले, “ताई, मागचा टायर बसला जी तुमचा.” दिवा त्या वेळी विझलेलाच होता.

पुढे पाचशे पावलांवर पंक्चरचे दुकान होते, हे नशीब. दुकानदाराने डाव्या बाजूच्या मागच्या चाकाला गेज लावले, वाचले आणि माझ्याकडे पाहिले. “एकोणीस. लाइट नाही लागला का?”

“लागला होता.”

“मंग?”

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्याने चाक काढून पाण्याच्या टाकीत फिरवले. टायरच्या नक्षीत पत्रे ठोकायच्या स्क्रूचे घासून चकचकीत झालेले डोके होते आणि त्याच्या कडेने अगदी सावकाश, मोजता येतील असे बुडबुडे निघत होते. त्याने स्क्रू पकडीने उपसला, भोक कानशीने खरवडले, चिकट रबराची पट्टी सुईने आत सारली, उरलेले टोक ब्लेडने उडवले आणि बत्तीस भरू की तेहतीस असे विचारले. मला ठाऊक नव्हते. त्यानेच चालकाचे दार उघडून खांबावरचा स्टिकर दाखवला. ३३ पौंड, चारही चाकांना. पाच माणसे आणि सामान असेल तर मागच्यांना थोडे जास्त. साडेतीन वर्षे मी ते दार रोज उघडत होते.

लेखापरीक्षणात मी सव्वीस वर्षे घालवली आहेत आणि नव्याने आलेल्या प्रत्येक मुलाला पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगत आले आहे: मागच्या वर्षाची अखेरची शिल्लक यंदाची आरंभीची शिल्लक म्हणून उतरवून घेण्याआधी तिजोरी उघडायला लावायची आणि नोटा मोजायच्या. वहीत लिहिलेला आकडा हा कुणाचा तरी शब्द असतो. तो शब्द न मोजता मान्य केला की पुढचे सगळे वर्ष, कितीही काटेकोर लिहिले तरी, त्या शब्दाच्या आधारावर उभे राहते. केळझरहून नागपूरपर्यंतच्या तासाभरात मला हळूहळू उमगले की महिनाभरात दोनदा मी न मोजता शिल्लक मान्य केली होती, आणि तीही सिग्नलला उभ्या उभ्या.

घरी आल्यावर गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका प्रथमच काढून वाचली. माझ्या गाडीत टायरमधली हवा मोजणारे असे काहीही नाही, हे त्यात स्वच्छ लिहिले आहे. तिच्याजवळ आहेत ते चाकांचा वेग टिपणारे एबीएसचे, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे, चार संवेदक. २०१९च्या एप्रिलपासून आपल्याकडे नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे झाले, त्यामुळे हे संवेदक प्रत्येक गाडीत बसवलेलेच असतात आणि बनवणाऱ्याला त्यांच्याकडून हे जादा काम जवळजवळ फुकटात करून घेता येते. टायरमधली हवा कमी झाली की चाकाची त्रिज्या किंचित घटते, आणि तेवढेच अंतर कापायला ते चाक बाकीच्यांपेक्षा थोडे जास्त फिरते. हा फरक केसाएवढाच असतो, पण संगणकाला तो कळतो. त्यावरून तो हवा कमी झाल्याचा अंदाज बांधतो. अंदाज बांधायचा तर आधी मूळ स्थिती माहीत हवी, आणि ती त्याला कळावी म्हणून रिसेटची सोय आहे. हवा योग्य भरली आहे असे मालकाने बटण दाबून सांगायचे. त्यानंतर वेगवेगळ्या वेगांनी काही अंतर गाडी चालली की त्या वेळी चाके जशी फिरत असतील तेच प्रमाण म्हणून ती लक्षात ठेवते. बटणाने हवा भरली जात नाही, मोजलीही जात नाही. बटण म्हणजे माझी सही.

मग मी उलटा हिशेब मांडला. हवा साधारण पाव हिश्शाने उतरली की असा दिवा लागतो. म्हणजे तेहतीसवरून सुरुवात धरली तर जामठ्याजवळ त्या चाकात पंचवीसच्या आसपास पौंड असणार. तिथे मी पहिली सही केली आणि पंचवीस हे त्या चाकाचे प्रमाण ठरले. स्क्रू आपले काम करतच होता. तिथून आणखी पाव हिस्सा उतरल्यावर, म्हणजे एकोणीस-वीसला, दुसऱ्यांदा दिवा लागला आणि सिग्नलवर मी दुसरी सही केली. आता एकोणीस हेच योग्य होते. त्यानंतर गाडीने मला काही सांगितले नाही यात तिचा कसलाही दोष नव्हता. तिला पुढचा दिवा लावायला मी थेट चौदा-पंधराची मुभा देऊन ठेवली होती.

अशा फसवणुका मी आयुष्यभर पकडत आले आहे. दरवर्षी थोडी थोडी तूट, आणि दरवर्षी ती तूट धरूनच नवी शिल्लक.

या पद्धतीत आणखी एक उणीव आहे, ती आम्हा हिशेबवाल्यांना चटकन समजेल अशी. तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या जमा आणि नावे बाजूंच्या बेरजांचा ताळा, जुळली म्हणजे हिशेब बरोबर असे नवशिक्याला वाटते, पण दोन चुका एकमेकींना झाकत असतील तरी तेरीज जुळतेच. चाकांची तुलना चाकांशीच करणारे यंत्रही तसेच वागते. एक चाक बसले तर ते उरलेल्या तिघांमध्ये उठून दिसते. चारही चाके सहा-आठ महिने हवा न भरल्याने सारखीच उतरत गेली, तर आपापसांत त्यांचे उत्तम जुळते. अलीकडच्या काही गाड्या चाकांची कंपने तपासून ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढतात.

अमेरिकेत याच मुद्द्यावर प्रकरण न्यायालयात गेले होते. फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांवरचे फायरस्टोन टायर धावताना फाटून अनेक माणसे मेली, २००० साली लाखो टायर परत मागवावे लागले आणि त्याच वर्षी तिथल्या काँग्रेसने गाड्यांत दाबाची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची करणारा कायदा केला. पुढे नियम लिहिणाऱ्या खात्याने, चारांपैकी एकाच टायरची हवा उतरल्याचे ओळखणारी यंत्रणाही चालेल अशी पळवाट त्यात ठेवली. ग्राहकांच्या बाजूने लढणारी मंडळी न्यायालयात गेली आणि २००३ मध्ये न्यायालयाने ती पळवाट रद्द केली. त्यानंतरच्या नियमात एक ते चार, कितीही टायर पाव हिश्शाने उतरले तरी दिवा लागला पाहिजे असे आले, आणि २००७च्या सप्टेंबरपासून तिथल्या सगळ्या नव्या मोटारींना ते लागू झाले. हे वाचताना मला त्या अनोळखी वकिलांबद्दल आपुलकी वाटली. तेरीज जुळली एवढ्यावर न थांबणारी माणसे कमी असतात.

आपल्याकडे ही यंत्रणा सरसकट सक्तीची नाही. २०२० साली मोटार वाहन नियमांत जो बदल झाला त्याने मात्र तिला एका वेगळ्याच दाराने आत घेतले: ट्यूबलेस टायर, पंक्चर दुरुस्तीचा संच आणि ही यंत्रणा असेल तर गाडीत स्टेपनी नसली तरी चालेल. म्हणजे डिकीतल्या अख्ख्या चाकाऐवजी एक दिवा. माझ्या गाडीत सुदैवाने स्टेपनी आहे; तिच्याकडे पुढे येतेच.

मनीषनगरला राहणाऱ्या माझ्या दादाच्या गाडीत दुसऱ्या प्रकारची यंत्रणा आहे. त्याच्या प्रत्येक चाकात, व्हॉल्व्हच्या बुडाशी, बोटाच्या दोन पेरांएवढा संवेदक बसवला आहे. तो आतला दाब खरोखर मोजतो आणि रेडिओ लहरींनी गाडीला कळवतो, त्यामुळे दादाला पडद्यावर चारही आकडे दिसतात आणि तो ते वहिनीला येताजाता वाचून दाखवतो. त्या संवेदकातली बॅटरी बदलता येत नाही; पाच ते दहा वर्षांनी ती संपली की अख्खा संवेदकच बदलावा लागतो. शिवाय प्रत्येक संवेदकाला स्वतःचा क्रमांक असतो, त्यामुळे पुढची चाके मागे टाकली तर कोणता आकडा कुठल्या चाकाचा हे गाडीला नव्याने शिकवावे लागते. काही गाड्या थोडे अंतर चालल्यावर आपणहून शिकतात, काहींना कारागिराकडचे यंत्र लावावे लागते. म्हणजे तिथला रिसेट निराळा. तिथे ओळखपरेड असते, माझ्याकडे प्रतिज्ञापत्र.

गेल्या वर्षी दादाने टायर बदलले तेव्हा दुकानातल्या पोराने टायर रिमवरून सोडवताना पट्टी एका संवेदकावरच रेटली. त्यानंतर गाडी सुरू केली की तोच मडक्याचा दिवा मिनिटभर लुकलुकायचा आणि मग स्थिर व्हायचा. लुकलुकण्याचा अर्थ हवा कमी आहे असा नसतो, यंत्रणाच बिघडली आहे असा असतो. दादा मात्र तीन आठवडे त्या चाकात हवा भरत होता. टायरवाल्याला आत संवेदक आहे हे आधी सांगितले असते तर चार-पाच हजार वाचले असते, असे वहिनी अजून म्हणते.

संवेदक चुकतो म्हटल्यावर नागपूरच्या माणसाला ३० मे २०२४ आठवल्याशिवाय राहत नाही. त्या दिवशी शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश तापमान नोंदवले आणि संध्याकाळपर्यंत साऱ्या देशाने आमची कीव केली. आमच्या कॉलनीत तर लोकांच्या बोलण्यात किंचित अभिमानही होता. मग हवामान खात्याने संवेदकात बिघाड असल्याचे सांगितले. शहरातल्या इतर काही नोंदी त्याहून बऱ्याच खाली होत्या, म्हणून ते चटकन ध्यानात तरी आले. एकटे चुकणारे असे पकडले जाते.

तापमानाचा विषय निघालाच आहे तर भाच्याचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते, हे मान्य केले पाहिजे. थंडीने दिवा लागतो. बंद टायरमधल्या हवेचे तापमान दहा अंशांनी घटले की दाब साधारण दीड पौंडाने उतरतो. आता नागपूर घ्या. मे महिन्यात दुपारी तीन वाजता, रिंग रोडवरून तापून आलेल्या गाडीत आपण पंपावर हवा भरतो, तेव्हा टायर साठ अंशांवर असणे अशक्य नाही. पंपावरचा मुलगा तेहतीस भरतो, आपण रिसेटचे बटण दाबतो. गेजने दाखवलेल्या आकड्यात वातावरणाचा साधारण चौदा पौंडांचा दाब मिळवला तर आत एकूण सत्तेचाळीस झाले. हेच टायर डिसेंबरात पहाटे दहा अंशांवर आले, तर त्याच हवेचा दाब चाळीसच्या आसपास राहतो. त्यातून वातावरणाचे चौदा वजा केले की गेज सव्वीस दाखवणार. स्क्रू नाही, गळती नाही, तरी सात पौंड गायब. त्यात रबरातून दरमहा आपोआप झिरपणारा पौंडभर धरला, तर दाब खरोखर मोजणाऱ्या किंवा कंपने तपासणाऱ्या गाडीत दिवा लागलाच म्हणून समजा. म्हणूनच स्टिकरवरचा आकडा थंड टायरसाठी असतो, म्हणजे गाडी तीनेक तास उभी असलेली हवी, आणि उन्हात नव्हे.

नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ तापलेल्या दिवसांत, नागपुरात थंड टायर कुठून आणायचा, हा प्रश्न पुस्तिका लिहिणाऱ्यांना पडलेला दिसत नाही.

याच गणिताचे अर्धे टोक धरून आमच्याकडे एक समजूत पक्की झाली आहे: उन्हाळ्यात हवा फुगते, म्हणून दोन-चार पौंड कमीच ठेवायची. पंक्चरवाला सांगतो, ट्रकवाला सांगतो, शेजारचे निवृत्त अभियंतेही सांगतात. तापल्यावर दाब वाढतो हे खरे आहे, पण टायर ती वाढ धरूनच बनवलेला असतो. कमी हवेचा टायर मात्र प्रत्येक फेऱ्याला रस्त्यावर जास्त दबतो, त्याच्या बाजूच्या भिंती पुन्हा पुन्हा वाकतात, त्या वाकण्यातून उष्णता तयार होते, आणि ती उष्णता रबर आणि आतल्या दोऱ्यांची पकड सोडवते. फुटू नये म्हणून कमी ठेवलेली हवाच टायर फुटायला मदत करते. समृद्धी महामार्ग सुरू झाल्यावर याचा हिशेब ठळकपणे समोर आला. ७०१ किलोमीटरचा सिमेंटचा सरळ रस्ता, ताशी १२० पर्यंतची मुभा आणि वर विदर्भाचे ऊन. टायर फुटून अपघात होऊ लागले तेव्हा २०२३ मध्ये परिवहन विभागाने महामार्गावर शिरणाऱ्या गाड्यांचे टायर तपासायला सुरुवात केली आणि झिजलेल्या टायरांच्या गाड्या परत पाठवल्या. झीज डोळ्यांना दिसते. हवा दिसत नाही. आजचे रेडियल टायर योग्य हवा असतानाही खालून जरा पसरलेलेच दिसतात, त्यामुळे माझ्या त्या जामठ्याच्या प्रदक्षिणेला देवळाबाहेर फारसा अर्थ नव्हता. केळझरच्या टपरीवाल्याला दिसले ते एकोणीसला.

नायट्रोजनचे विचारणारे भेटतात म्हणून सांगते. हवेत तो आधीच अठ्ठ्याहत्तर टक्के असतो, आणि तापमानाने होणारा चढउतार दोन्हींत जवळपास सारखाच असतो. व्हॉल्व्हवर हिरवी टोपी मिळते, ती छान दिसते.

या मे महिन्यात एका रविवारी मी पहाटे साडेपाचला गाडी काढली. रात्रभर सावलीत उभी होती, तरी हवेत तीस अंश असावेत. याहून थंड टायर नागपूर मला पावसाळ्याआधी देणार नव्हते. पंप घरापासून अर्ध्या किलोमीटरवर आहे. हवेच्या यंत्रापाशी बसलेला मुलगा जेमतेम जागा होता.

“काकू, एवढ्या सकाळी? कुठं निघाल्या?”

“इथंच. हवा बघायला.”

मी माझे स्वतःचे गेज नेले होते. त्याचे आणि पंपाच्या यंत्राचे दीड पौंडाने पटेना. मुलाने माझ्या गेजकडे संशयाने पाहिले, मी त्याच्या यंत्राकडे. शेवटी माझेच गेज दर वेळी वापरायचे असे ठरवले. निदान चूक असली तर ती दर महिन्याला तेवढीच राहील. पुढची दोन चाके एकतीस आणि साडेतीस, मागचे उजवे एकतीस, आणि दुरुस्त केलेले डावे तीस. मुलाने एकेका व्हॉल्व्हची टोपी काढून तळहातावर ठेवली, नळी दाबली, सूं आवाज झाला, यंत्र वाजले. चारही तेहतीस झाल्यावर मी पुन्हा एकदा स्वतः मोजले, मगच आत बसून सेटिंग उघडले आणि बटण दाबून धरले. आता ती पुढचे काही किलोमीटर शिकणार होती.

निघताना आठवले आणि पुन्हा उतरले. डिकीतला गालिचा उचलून स्टेपनीला गेज लावले. बारा. या चाकावर कुठलाही संवेदक नाही, फिरत नसल्यामुळे त्याचा वेगही कुणी टिपत नाही. गाडी घेतल्यापासून त्याला मीही हात लावला नव्हता. मुलाने डिकीत वाकून हवा भरली, दोन पौंड जास्तच भरायला सांगितली, आणि त्याने माझी वही पाहिली.

ती वही आता डॅशबोर्डच्या खणात असते. पतसंस्थेच्या कामातून उरलेली, सात रकान्यांची. तारीख, चार चाके, स्टेपनी, शेरा. पहिल्या दोन ओळी मी मागाहून आठवून भरल्या आहेत. डिसेंबरच्या दोन तारखा, पाचही रकान्यांत “मोजले नाही” आणि शेऱ्यात “रिसेट केले”. तिसऱ्या ओळीत मुलाच्या देखत त्या दिवशीचे आकडे लिहिले. स्टेपनीच्या रकान्यात आधी नुसते ३५ लिहिले होते. मग ते खोडले आणि लिहिले: मिळाली तेव्हा १२.